पंख वाळेपर्यंत

कोलोगारू, सांता इसाबेल बेट
९ फेब्रुवारी १९९२

विने,

तुझं पत्र पोचलं. बोटीत भिजलं होतं, पण तुझं अक्षर मुळात असं की भिजल्यानं फारसा फरक पडला नाही.

नोरोला खोली मिळाली, चौघीजणी एका खोलीत झोपता, हाताचा मासळीचा वास काही केल्या जात नाही, सगळं वाचलं. वास कसा जाईल? मासळीच्या कारखान्यात गेली आहेस तू, फुलांच्या नाही. लिंबू चोळत जा.

एस्टा बरी आहे. तू बोटीवर चढलीस तेव्हा तिनं धक्क्यावर लोळण घेतली होती. तुला दिसलंच असेल, मागे वळून पाहिलं असशील तर. लोक म्हणतात, नाही पाहिलंस. मी म्हटलं, डोळ्यांत पाणी असेल तिच्या, म्हणून नसेल पाहिलं. तुझी बाजू घेणारं इथे माझ्याशिवाय आहे कोण? एस्टाचा बाप स्टॅन्ली बुडाला त्यातही तुझा काही दोष नाही, असंच मी सगळ्यांना सांगते. त्या दिवशी वारं असताना त्याला मासे आणायला तू पाठवलंस हे कुणी काढलं, तर मी विषय बदलते.

टेकडी हिरवीगार आहे. आईनं मरताना तुझ्या हाती दिली ती, कारण तुला मुलगी आहे आणि आपल्यात जमीन आईकडून लेकीकडे जाते. माझ्याकडे बघून काय म्हणाली आठवतं? ‘रोडा, तुझ्याकडे दिली तर ती पुढे जाईल कुठे?’ मरणारं माणूस बोललं, मी मनात ठेवलं नाही. पण गंमत बघ. टेकडी तुझी, पोर तुझी, आणि दोन्हीकडे बघतेय मी.

डग साहेब होनिआराहून आला होता, नेहमीची खोकी घेऊन. आपली काळी-निळी फुलपाखरं त्याच्या गिऱ्हाइकांना फार आवडलीत. आणखी पाठव म्हणाला. मी वरच्या झाडांकडे जाऊन आले. अख्खा बुंधा अळ्यांनी काळा झालाय, गोधडी गुंडाळल्यासारखा. आई त्यातल्या निम्म्या सोडून द्यायची, तूही सोडायचीस. मी म्हटलं, कशाला? सगळ्या एकाच झाडावर बसतात, एका हाताला लागतात, देवानंच सोय केलीय.

एस्टाच्या बोटांचा उपयोग होईल असं वाटतं. लहान आहेत, पंखांवरची भुकटी पुसत नाही.

रोडा

*

कोलोगारू
१८ जून १९९२

विने,

फ्रॉक मिळाला. पिवळा रंग एस्टाला शोभत नाही. घालून बघ म्हटलं तर नको म्हणाली. हडसनच्या धाकटीला बरोबर बसला, तिला देऊन टाकला. आपल्या सख्ख्या भावाचीच पोर ती, परकी नाही. माशाचे डबे मात्र सगळ्यांना आवडले. डबे पाठवत जा.

कुणीतरी तुला सांगितलं म्हणे की एस्टा मला आई म्हणते. अगं, आपल्याकडे आईच्या बहिणीला दुसरं काय म्हणतात? थोडे महिने नोरोला काढलेस तर घरची रीतसुद्धा विसरलीस? आधी ती मला ‘मोठी आई’ म्हणायची. ‘मोठी’ तिनं आपणहून गाळलं. लहान मुलांना लांब नावं जमत नाहीत.

काम चांगलं शिकली. कोष मी जाळीच्या खोपटात टांगून ठेवते. सकाळी ते फुटतात, फुलपाखरू बाहेर येऊन उलटं लटकतं, पंख ओल्या फडक्यासारखे. ते वाळून ताठ होईपर्यंत थांबायचं. मग पहिली झेप घ्यायच्या आत दोन बोटांनी छाती दाबायची, टच्‌ असा बारीक आवाज होतो, झालं. पहिल्या दिवशी रडली. मी तिला उठू दिलं नाही.

‘याला उडायचंय,’ म्हणाली.

‘उडालं की पंख फाटतात. फाटकं कुणी घेत नाही.’

‘मी घेईन.’

‘तू घेशील? तुझी आई उडाली, ती आली का तुझ्या हाताला?’

मी गमतीत म्हटलं गं. मग तिनं दाबलं. आता माझ्यापेक्षा सफाईनं करते. डग साहेबानं तिच्या पाठीवर थाप मारली, बिस्किटांचा पुडा दिला.

शाळेचं विचारलंस. शाळा दरीच्या पलीकडे, वाट शेवाळाची. आणि शाळेची घंटा होते नेमकी त्याच वेळी कोष फुटतात. त्यांना जरा थांबा म्हणून सांगता येत नाही.

रोडा

*

कोलोगारू
२३ नोव्हेंबर १९९२

विने,

नाताळला येऊ नकोस. तुझ्या भल्यासाठीच सांगते.

एक तर इकडे पोरांना डांग्या खोकला आलाय. तू यायचीस आणि कारखान्यात परत जाताना घेऊन जायचीस. दुसरं म्हणजे तुझ्याबद्दल बरंच बोललं जातंय. तुमच्या कारखान्यातला कुणी मुकादम आहे, त्याच्याबरोबर तू असतेस, असं. मी विश्वास ठेवला नाही. कुठून उठलं कोण जाणे. मी चर्चमधल्या मदर्स युनियनच्या बायकांना फक्त एवढंच म्हटलं होतं, की आमची विनी तिथे एकटी आहे, वयानं लहान आहे, तिचा पाय घसरू नये म्हणून प्रार्थना करा. केली बिचाऱ्यांनी. मोठ्यानं केली.

हडसन चिडला माझ्यावर. ‘तुझ्या प्रार्थनेपेक्षा शिव्या बऱ्या,’ म्हणाला. सुपारी चघळत बसायचं आणि बहिणीला बोलायचं, याखेरीज त्याला येतं काय?

तू लिहितेस, ‘एस्टानं माझ्यासाठी चार ओळी तरी लिहाव्यात.’ तिला लिहिता येत नाही. आणि आलं असतं तर काय लिहिलं असतं, याचा विचार कर.

हल्ली ती विचारत नाही तुझ्याबद्दल. आधी बोटीचा भोंगा वाजला की पळत धक्क्यावर जायची. मी कधी अडवलं नाही. जाऊ दे, बघू दे, रिकाम्या हातानं परत येऊ दे, असं मी ठरवलं होतं. आपोआप बंद झालं.

टॅरोचा कंद चांगला आलाय. नारळाचं दूध घालून भाजला की तुझी आठवण येते, तुला फार आवडायचा.

रोडा

*

कोलोगारू
२० एप्रिल १९९३

विने,

तू लिहिणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून मीच लिहिते. ईस्टरला जे झालं ते तू नोरोला आपल्या मैत्रिणींना तुझ्या सोयीनं सांगितलं असशील. मीही तिथे होते. त्यामुळे झालं तसं सांगते.

न कळवता आलीस. मला हे आवडलं नाही. तू धक्क्यावरून धावत वर आलीस, पाठीमागे निम्मं गाव. हातात पाटी, नवं कापड. आम्ही खोपटात होतो. तू दारातून हाक मारलीस आणि पोर म्हणाली,

‘हलू नका. पंख वाळतायत.’

‘हलू नका’ म्हणाली विने, ‘हलू नकोस’ नाही. परक्या बाईशी बोलतात तसं. मी शिकवलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते.

तू तिला पोटाशी धरायला गेलीस तर ती तुझ्या हाताखालून निसटली आणि म्हणाली, ‘मासळीचा वास येतोय.’ लोक हसले. मीही हसले असेन. मग तू पुढे होऊन जाळीचं दार उघडलंस, ‘सोड त्यांना, उडू दे,’ म्हणालीस. पोरीला काय वाटलं असेल? डग साहेब त्याच आठवड्यात येणार होता. तिनं झटकन एक पकडलं आणि तुझ्याकडे बघत, सरळ तुझ्या डोळ्यांत बघत, दाबलं. दुसरं घेतलं. तेही.

आणि तू तिच्या थोबाडीत मारलीस.

पाद्री होते, मुखिया होता, मदर्स युनियनच्या बायका होत्या. मला काही बोलावंच लागलं नाही. मी नुसते हात पसरले आणि ती माझ्याकडे आली. माझ्या कमरेला अशी काही घट्ट बिलगली, की तुला सांगते, इतक्या वर्षांत मला कुणी तसं धरलं नव्हतं.

संध्याकाळी मोठी माणसं बसली तेव्हा तू रडत सांगत होतीस, ‘माझी मुलगी आहे, मी घेऊन जाणार.’ हडसननं एस्टाला पुढे बोलावलं.

‘पोरी, घाबरू नकोस. तुझी आई कोण?’

ती माझ्याकडे बोट दाखवून उभी राहिली. हडसननं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारायला लागला तेव्हा मुखियाच म्हणाला, ‘पुरे रे हडसन, तिला छळू नकोस.’

तू म्हणालीस, मी तिला पढवलंय. मी तिला आदल्या दिवशी इतकंच सांगितलं होतं, की नोरोला गेलीस तर त्या खोलीत पाचवी म्हणून झोपावं लागेल, आणि रात्री तुझी आई कामावर असते तेव्हा तिथे कोण कोण येतं ते मला माहीत नाही. खरंच नाही माहीत.

आदल्या दिवशी कसं सांगितलंस, मी न कळवता आले होते, असं तू विचारशील. तू बोटीत चढलीस असा बुआलाच्या बंदरातून रेडिओवर निरोप आला होता. सगळंच कशाला खोदून काढतेस?

पाटी ठेवून घेतली आहे. पंख सपाट करायला वर ठेवायला बरी पडते.

रोडा

*

कोलोगारू
६ सप्टेंबर १९९३

विने,

दत्तकाची मेजवानी झाली. मोठं डुक्कर कापलं, कसाव्याचं पुडिंग केलं, सगळं गाव जेवलं. तुला बोलावणं पाठवलं होतं, आलं नसेल वेळेवर. बोटींचं काय सांगावं.

आता सगळ्यांसमक्ष एस्टा माझी. म्हणजे टेकडी एस्टाची, आणि एस्टा जाणती होईपर्यंत माझी. आई वरून बघत असेल तर तिला कळलं असेल, माझ्याकडे दिलेलं कुठे जातं ते.

टेकडीवरच घर बांधतेय. झाडं जवळ पडतील.

एक सांगते, तुला हसू येईल. रात्री पोर झोपेत बोटं दाबते. अंगठा आणि तर्जनी, अशी. मी तिचा हात धरून ठेवते तेव्हा कुठे थांबते.

डबे अजून येतात. का पाठवतेस? आता तुझी काही जबाबदारी नाही. पण पाठवायचेच असतील तर तेलातले पाठव, ते बरे लागतात.

रोडा

*

कोलोगारू
१४ मार्च १९९५

विने,

दीड वर्ष मी लिहिलं नाही आणि तू दर बोटीनं डबे पाठवत राहिलीस. तुझ्या चिकाटीला काय म्हणावं.

वरच्या झाडांवर आता अळ्या येत नाहीत. मागच्या पावसापासूनच कमी झाल्या होत्या. हडसन म्हणतो, सगळ्या काढून घेतल्यास तर अंडी घालायला येणार कोण, आपली म्हातारी आई वेडी होती का निम्म्या सोडायला? मी म्हटलं, झाडं म्हातारी झालीत. एकच झाड उरलं होतं, ओढ्याच्या अंगाला. पण एवढं भरलेलं की बुंध्याची साल दिसत नव्हती. डग साहेबाला कळवलं होतं. अळ्यांचे कोष झाले, एकाला एक चिकटून. दुसऱ्या दिवशी ते काढायचं मी ठरवलं होतं.

सकाळी उठले तर एस्टा अंथरुणात नाही. वाटलं, मेली ओढ्यावर गेली असेल. गेले तर ती झाडाशी बसलेली. कोपरापर्यंत हात हिरवे-पिवळे, चिकट. बुंध्यावर एक कोष धड नव्हता. चिरडलेले, एकूणएक. हाताला येत होते तोवरचे हातानं आणि वरचे काठीनं.

म्हटलं, ‘काय केलंस हे?’

‘काम संपवलं,’ म्हणाली. रडत नव्हती, घाबरलीही नव्हती. भांडी घासून झाली सांगावं तसं. ‘आता काही राहिलं नाही ना? आता मी आईकडे जाऊ?’

‘मी आहे ना इथे.’

‘तू नाही,’ म्हणाली. ‘दुसरी. जिला मासळीचा वास येतो ती.’

विने, मी तिला भरवलं. ताप आला तेव्हा मांडीवर घेऊन बसले. तू नुसते डबे पाठवलेस. आणि हिनं तीन वर्षं पोटात हे धरून ठेवलं होतं. बैठकीत माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हाही असेल. घाबरून दाखवलं असेल तर माझ्या कमरेला का बिलगली होती? याचं उत्तर तू तरी दे.

नंतर मी काय केलं ते लिहायची गरज नाही. तू ईस्टरला केलंस तेच, थोडं जास्त. हातांवरच मारलं, दुसरीकडे नाही. हडसनची बायको गावभर सांगत फिरते की बोटं मोडली. मोडली नाहीत, सुजली होती. दोन वाकडी राहतील कदाचित. पंख धरायचे नसले तर दोन वाकड्या बोटांनी कुणाचं काही अडत नाही.

ती टेकडीवरच राहील. काम असो नसो.

रोडा

*

कोलोगारू
३० जुलै १९९५

विने,

हडसननं तिला तुझ्याकडे आणून सोडलं हे मला कळलं. चोरासारखा आला तो, मी प्रार्थनेला गेले असताना. नाही, खोटं कशाला सांगू, मी घरातच होते. दारात उभा राहून म्हणाला, ‘एस्टा, चल.’ पोर उठली आणि चालायला लागली. काही घेतलं नाही तिनं, चपलासुद्धा नाही. मी वाटेत आडवी झाले तर हडसननं मला हातानं बाजूला केलं. भाऊ आहे माझा. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला हात लावला.

मी तिला म्हटलं, ‘जाताना एकदा आई म्हण.’

‘रोडा,’ म्हणाली. एवढंच. नाव घेतलं माझं.

तू जिंकलीस असं समजू नकोस. मेजवानी झाली आहे, गाव जेवलंय, ती माझी आहे. मुखियाकडे गेले होते, तो म्हणाला, बघू. पुन्हा गेले, तर त्याची बायको म्हणाली तो शेतात गेलाय. पडवीत त्याचे पाय दिसत होते मला. मदर्स युनियनमध्ये मी बसले की बाक रिकामा होतो. तुझ्या भावजयीची जीभ, दुसरं काय.

घर मोठं बांधलं गेलं. आवाज घुमतो.

ऐक, मी एवढ्यासाठी लिहिलं नाही. काल मी टेकडीच्या मागच्या उतारावर गेले होते, पार खाली, जिथे आपण कधी जात नव्हतो. तिथे एका झाडाचा बुंधा काळा झालाय. आपल्याच अळ्या. बारीक आहेत अजून. एखादी मादी वाचली असेल आणि तिथवर उडत गेली असेल.

एस्टाला हे वाचून दाखव. टाळू नकोस, मला कळेल. तिला सांग, कोष होतील तेव्हा मला माणूस लागणार आहे आणि मी तिला न्यायला नोरोला येते. हडसन घरी नसताना येईन.

सांग तिला, काम परत आलंय.

रोडा

*

नोरो
२७ ऑगस्ट १९९५

ताई,

तुझी सगळी पत्रं मी जपून ठेवली होती, कारण त्यांत एस्टा असायची. तू काहीही लिहिलंस तरी त्यातून माझी मुलगी मी शोधून काढायची. उत्तरांत मी कधी तुला उलट बोलले नाही, कारण ती तुझ्या हातात होती. आता नाही.

शेवटचं पत्र तू सांगितलंस तसं तिला वाचून दाखवलं. ही माझी चूक झाली. मला वाटलं, आता ती माझ्याजवळ आहे, दाराला कडी आहे, ऐकून हसेल. शेवटची ओळ वाचली आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले. जेवायला बसेना. घास मी भरवला, तेव्हा खाल्लं. अजूनही बोटीचा भोंगा वाजला की ती हात लपवते.

दवाखान्यातल्या बाईंनी बोटं पाहिली. सरळ होणार नाहीत म्हणाल्या. पेन्सिल ती मुठीत धरते. शाळेत तिच्यापेक्षा लहान मुलांच्या वर्गात बसते, आणि तिला त्याची लाज वाटत नाही. मला ती अजून आई म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. मी घाई करणार नाही.

हडसनदादानं मुखियाला तेवढंच मोठं डुक्कर परत दिलंय, सगळ्या गावासमोर. मेजवानी फिटली, दत्तक मोडलं. तू त्या दिवशी टेकडीवरून खाली उतरली नव्हतीस, म्हणून तुला कुणी सांगितलं नसेल.

खालच्या झाडाचं तू काय करायचं ते कर. सगळे काढ, निम्मे सोड, मला काही वाटत नाही. टेकडीवर तू राहा. तिथून तुला उठवायला कुणी येणार नाही, भेटायलाही येणार नाही.

नोरोला आलीस तर कारखान्याच्या फाटकावर तुझं नाव देऊन ठेवलंय, आत सोडू नका म्हणून. इथल्या बायका चाकूनं मासे कापतात आणि माझ्या मैत्रिणी आहेत.

यापुढे तुझं पत्र आलं तर मी ते न फोडता चुलीत घालीन. तू गेलीस की दादा कळवेल. त्याचं पत्र मी फोडीन.

विनी